नवऱ्याला मरायचं नाहीये, आणि सही माझी हवीय

पत्र थोडक्यात असं. फोंडा तालुक्यातल्या एका ताई, वय ३७, शाळेत शिकवतात, मुलगी नऊ वर्षांची. मिस्टर ४२, परदेशी कंपनीचं काम घरून करतात, पगार बरा आहे. गेली तीनेक वर्षं मिस्टर ट्रान्सह्यूमनिझमच्या नादाला लागलेत (शब्द ताईंचा). म्हातारपण हा आजार आहे, मरण ही एक टेक्निकल अडचण आहे, माणसाने विज्ञानाच्या जोरावर आपलं शरीर आणि मेंदू दोन्ही वाढवत न्यायला पाहिजे, असं सगळं. सकाळी तीस-एक गोळ्या, दंडावर साखर मोजणारा सेन्सर, संध्याकाळी सहानंतर फक्त पाणी. घरात हुमण-शीत (माशाची आमटी आणि भात) असलं तरी ते उकडलेल्या भाज्या घेऊन बसतात, आणि सासूबाई विचारतात, "गुळयो खावन पोट भरता रे?" इथपर्यंत ताईंनी चालवून घेतलं. आता दोन गोष्टी आल्यात. एक म्हणजे अमेरिकेतल्या एका संस्थेत नाव घालायचंय, मेल्यावर देह द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात, पुढेमागे जिवंत करता आलं तर करतील म्हणून. त्यासाठी घेऊन ठेवलेला प्लॉट विकायचा, आणि ताईंनी सही करायची की गेल्या-गेल्या त्या आधी त्या लोकांना फोन करतील, अंगाभोवती बर्फ लावतील आणि अग्नी देऊ देणार नाहीत. दुसरं म्हणजे त्यांना आणखी एक मूल हवंय, पण बाहेर जाऊन आयव्हीएफ करून, भ्रूणांची जनुकं तपासून त्यातला हुशार निवडून. सासरे ७६ वर्षांचे, छातीत पेसमेकर आहे, ते ह्यावर एक शब्द बोलत नाहीत. ताई विचारतात, "हे निसर्गाच्या विरुद्ध नाही का? की मीच मागासलेली आहे? सही करू की नको?"

ताई,

आधी सहीचं सांगून टाकते, बाकीचं वाचेपर्यंत जीव टांगणीला नको. आत्ता सही करू नका. आणि "मेले तरी करणार नाही" असंही म्हणू नका. फॉर्म कालनिर्णयच्या मागे खोचून ठेवा, दोन महिने तिथे राहिला तर काही बिघडत नाही. मिस्टर ४२चे आहेत, आणि त्यांच्याच हिशोबाने त्यांच्याकडे वेळच वेळ आहे.

आता तुमचा पहिला मुद्दा, निसर्गाच्या विरुद्ध. हा सोडून द्या, ह्या मुद्द्यावर तुम्ही भांडण हरणार. माझ्याच उजव्या डोळ्यात मोतीबिंदू काढून बसवलेलं भिंग आहे, डाव्या कानात मशीन आहे, आणि दातांचं तर विचारूच नका. डोळ्यात असं भिंग पहिल्यांदा बसवलं १९४९मध्ये हॅरॉल्ड रिडली नावाच्या इंग्रज डॉक्टरने. त्याने बघितलं होतं की युद्धात विमानाच्या प्लास्टिकच्या काचेचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले तरी डोळ्यांनी ते गुपचूप सहन केले, मग तसलंच भिंग करून आत ठेवलं तर काय होईल? तेव्हाच्या बड्या बड्या डॉक्टरांनी त्याला वेड्यात काढलं, डोळ्यात बाहेरची वस्तू घालायची म्हणजे काय. आज गावोगाव देवळाच्या हॉलमध्ये मोतीबिंदूची शिबिरं भरतात आणि आमची आत्या ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी तांदळातले खडे वेचत होती. तुमच्या सासऱ्यांच्या छातीत तर बॅटरी आहे. उद्या मिस्टर म्हणाले, मग बाबांचं मशीन काढून ठेवूया का, निसर्गाला धरून? तर तुमच्याकडे उत्तर नाही.

ह्याच्यावर एक ठरलेलं उत्तर असतं, तत्त्वज्ञानवालेही ते देतात, की दुरुस्ती चालेल पण वाढीव नको. म्हणजे आजारी माणसाला बरं करा, धडधाकट माणसाला आणखी काही जोडू नका. ऐकायला बरं वाटतं. पण आपण गोव्यात राहतो ताई, पंचायतीतून रिपेरीचं लायसन काढायचं आणि मागच्या बाजूला दोन खोल्या चढवायच्या हे आपल्याला कोणी शिकवायला नको! दुरुस्ती कुठे संपते आणि वाढीव कुठे सुरू होते हे इन्स्पेक्टरलाही सांगता येत नाही, आणि शरीराचं त्याहून वाईट आहे. लस ही काय दुरुस्ती आहे? धडधाकट बाळाला आपण मुद्दाम असं काहीतरी टोचतो की जे त्याच्याकडे जन्मतः नव्हतं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात सरासरी आयुष्य ३२च्या आसपास होतं, आता सत्तरीला टेकलंय, ते निसर्गाने दिलेलं नाही. त्यामुळे मिस्टरांना "हे अनैसर्गिक" म्हटलं की ते हसणार, आणि त्यांचं हसणं पुरतं चुकीचं नाही.

पण तुम्हाला जे आतून टोचतंय ते खोटं आहे असंही मी म्हणत नाही. मायकल सँडेल म्हणून अमेरिकेतला प्राध्यापक आहे, त्याने २००४मध्ये ह्यावर लिहिलं आणि पुढे त्याचं पुस्तक आलं. त्याचं म्हणणं साधारण असं की आयुष्य आपल्याला दिलेलं असतं, आपण घडवलेलं नसतं, आणि सगळंच आपल्या मर्जीने घडवायला गेलं की माणूस आभार मानायचं विसरतो, मुलांकडेही प्रोजेक्ट म्हणून बघायला लागतो. आपल्या आज्या हेच एका ओळीत सांगायच्या, पदरी पडलं आणि पवित्र झालं. मला सँडेल वाचताना बरं वाटलं होतं, मग आठवलं की ही म्हण घरात कोणाला ऐकवायचे. सुनेला! दारुडा नवरा मिळाला, पदरी पडलं. पाचवी मुलगी झाली, पदरी पडलं. दिलेलं गोड मानून घ्या हे सांगणारा बहुतेक वेळा तो असतो ज्याच्या पदरात बरं पडलंय. व्हीलचेअरवरच्या माणसाला हे सांगून बघा. २०२४च्या जानेवारीत न्यूरालिंकवाल्यांनी एका तरुणाच्या मेंदूत चिप बसवली, मानेखाली काही हलत नव्हतं त्याचं, आता तो नुसत्या विचाराने स्क्रीनवरचा कर्सर हलवतो, बुद्धिबळ खेळतो. त्यातल्या बऱ्याच तारा पुढे जागच्या सरकल्या, भानगडी झाल्या, तरी त्याला परत विचारलं तर तो नको म्हणेल असं वाटत नाही.

म्हणून मागासलेल्या तुम्ही नाही आणि वेडे तेही नाहीत. मरण नको वाटणं ह्यात नवीन काय आहे, तुमच्या लग्नपत्रिकेत त्यांच्या नावामागे चि. छापलं होतं की नाही? त्यांनी ते मनावर घेतलंय एवढंच. (तुमच्या मागे चि. सौ. कां. होतं, म्हणजे चिरंजीव तुम्हीही होतात, फक्त फॉर्मवर तुमची सही दुसऱ्याच कामाला मागतायत.) आणि एक सांगून ठेवते, त्यांना अश्वत्थाम्याचं उदाहरण देऊ नका, नात्यातले सगळे तेच देणार आहेत. त्याचा शाप न मरण्याचा कमी आणि न भरणाऱ्या जखमेचा जास्त होता, मिस्टर म्हणतील जखम भरायचं औषध काढू.

बरं, हा विचार आला कुठून तेही थोडं बघा, कारण मिस्टर तुम्हाला त्याची चमकदार बाजूच दाखवत असणार. ट्रान्सह्यूमनिझम हा शब्द चालवला ज्युलियन हक्सले ह्या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने, १९५७मध्ये, माणूस आहे तिथेच थांबायचं कारण नाही असं त्याचं म्हणणं. ह्याच हक्सलेने दोन वर्षांनी ब्रिटनच्या युजेनिक्स सोसायटीचं अध्यक्षपद घेतलं, म्हणजे चांगल्या वाणाच्या माणसांची पैदास वाढावी, बाकीच्यांची कमी व्हावी, असं मानणाऱ्यांची संस्था. आजच्या ट्रान्सह्यूमनिस्टांना हे आठवण करून दिलेलं आवडत नाही. ते म्हणतात आमचं तसं नाही, आम्ही जबरदस्तीच्या विरोधात, ज्याने त्याने आपल्या शरीराचं काय करायचं ते आपण ठरवावं. १९९८मध्ये निक बॉस्ट्रम आणि डेव्हिड पिअर्स ह्यांनी त्यांची जागतिक संघटना काढली तिचाही सूर हाच. मला हा सूर मान्य आहे. तुम्हीही मान्य करा, आणि मग तोच धरून बसा. कारण ज्याने त्याने म्हटलं की त्यात तुम्हीही आलात.

आता त्या गोठवण्याच्या बेतात तुमचं काम काय आहे ते नीट बघा. आत्तापर्यंत कोणालाही असं परत जिवंत केलेलं नाही, एकालाही नाही, हे मिस्टरांनाही माहीत असणार. पहिला माणूस गोठवला १२ जानेवारी १९६७ला, जेम्स बेडफर्ड, तो अजून ॲरिझोनामध्ये उणे १९६ अंशात आहे. तिथेच एफएम-२०३० नावाचा एक लेखक आहे, नाव खरंच तसं घेतलं होतं त्याने, कारण २०३०मध्ये तो शंभर वर्षांचा होणार होता आणि तोपर्यंत सगळ्यांना अमर होता येईल अशी त्याची खात्री होती. २०००मध्ये कॅन्सरने गेला. मी हसत नाहीये हो, मला त्याची मायाच वाटते, पण २०३० आता दारात आलंय.

मृत्यू कायद्याने जाहीर झाला की मगच हे लोक काम सुरू करू शकतात, आणि रक्त थांबल्यावर मेंदूची नासाडी मिनिटांत सुरू होते. त्यांची टीम अमेरिकेत उशाशी उभी असते तेव्हासुद्धा धावपळ असते. तुम्ही फोंड्याला. पावसात. डॉक्टर यायचा, दाखला द्यायचा, पोलिसांचा कागद, दूतावासाचा कागद, मग दाबोळी नाहीतर मोपा विमानतळ, मग दोन विमानं बदलून ॲरिझोना. आणि ह्या सगळ्या वेळात घरात काय चाललेलं असेल? दीर आलेले, बोरीहून आते आलेली, भटजींना फोन झालेला, मुलगी कोपऱ्यात, आणि तुम्ही बर्फाच्या लाद्या मागवताय मासळी मार्केटमधून आणि सगळ्यांना सांगताय की हात लावू नका. मिस्टर त्या खोलीत असतील पण नसतील. त्या दिवसाचं सगळं ओझं तुमच्या एकटीच्या डोक्यावर आहे, आणि फॉर्मवर त्याला एक ओळ दिलीय.

ह्या सगळ्या वादात मला खटकतं ते इथे. पुस्तकं वाचा, भाषणं ऐका, मेंदू कंप्युटरवर चढवायचा, दीडशे वर्षं जगायचं, सगळं "मी"चं असतं. त्या मी-च्या मागे बर्फ आणणारं, बॅटरी बदलायची तारीख लक्षात ठेवणारं, भाडं भरणारं कोण आहे ते कोणी लिहीत नाही. कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थ म्हणून एका गावच्या स्मशानात साठ-सत्तरच्या दशकात असेच देह तळघरात ठेवले होते. नातेवाईकांनी पैसे भरायचं थांबवलं, पंप बंद पडले आणि नऊ देह वितळून सडले, कोर्टकचेऱ्या झाल्या. आजच्या संस्था त्यातूनच शिकल्या, म्हणून तर पैसे आधीच मागतात, ॲरिझोनातली ती संस्था पूर्ण देहाचे दोन लाख डॉलरच्या वर, म्हणजे पावणेदोन कोटी तरी धरा. बरेचजण ते विम्यातून भागवतात. तुमच्या घरी प्लॉट विकायची भाषा आहे म्हणजे विम्याचा विचार झालेला दिसत नाही, विचारून बघा.

हे फक्त मेलेल्यांचं नाही. अमेरिकेत सेकंड साइट नावाच्या कंपनीने आंधळ्या माणसांना डोळ्यात बसवायचं मशीन दिलं होतं, जगभरात साडेतीनशेच्या वर लोकांनी बसवून घेतलं, त्यांना प्रकाशाचे ठिपके दिसायला लागले, दाराची चौकट कळायला लागली. मग कंपनीला परवडेना. २०१९मध्ये ते मॉडेल बंद, पुढच्या वर्षी बहुतेक माणसं कामावरून काढली. बिघडलं तर सुटा भाग नाही. एका बाईचं मशीन तर त्याच्याही आधी, न्यूयॉर्कच्या सबवेत भर गर्दीत जिन्याच्या तोंडाशी असताना तीन पिप् करून बंद पडलं, ते परत चालू झालंच नाही, डोळ्यात तसंच आहे. आणि मला हे वाचून का धसका बसला सांगू, माझ्या कानातलं मशीन मोबाईलच्या ॲपवर चालतं, गेल्या वर्षी मोबाईल अपडेट झाला आणि ॲप उघडेना, दुकानदार म्हणतो ह्या मॉडेलचा सपोर्ट गेला, नवीन घ्या, एक्स्चेंज देतो. चतुर्थीत सगळे आरत्या म्हणतायत, घुमट वाजतंय आणि मला अर्धंच ऐकू येतंय. घरातल्या इन्व्हर्टरची एएमसी (देखभालीचा वर्षाचा करार) संपली तर आपण अंधारात बसतो, पण स्वतःच्या कानाची एएमसी संपली तर कुठे जायचं? तेव्हा मिस्टर उद्या चिप बसवायची म्हणाले (म्हणतील, बघाच तुम्ही) तर विचारायचा प्रश्न एकच, कंपनी बुडाली तर काढणार कोण. मेंदूत चिप बसवणं पाप का पुण्य हे मागाहून बघू.

आता कायद्याचं, कारण तुम्ही गोव्यात आहात आणि तुमच्या हातात काय आहे ते तुम्हाला माहीत नसावं असं पत्रावरून वाटलं. लग्न गोव्यात रजिस्टर झालं असेल आणि आधी वेगळा करार केला नसेल, तर आपल्याकडच्या सिव्हिल कोडप्रमाणे तुमची मालमत्ता दोघांची मिळून असते, निम्मी तुमची, प्लॉट त्यांच्या पगारातून घेतला असला तरी. तुमच्या सहीशिवाय तो विकता येत नाही. मृत्युपत्रातसुद्धा मूलबाळ असताना त्यांना आपल्या हिश्श्यातल्या निम्म्याचंच आपल्या मर्जीने देता येतं, बाकीचं मुलीचं. म्हणजे दोनशे वर्षांनी उठेन तेव्हा लागेल म्हणून सगळं स्वतःसाठी राखून ठेवायची सोय इथे नाही. हे भांडणात फेकून मारायला सांगत नाहीये. प्लॉटचा निर्णय हा दोन मालकांचा निर्णय आहे, एवढं डोक्यात ठेवून बोलायला बसा, आवाजात फरक पडतो. विम्यात नॉमिनी परदेशी संस्था लावता येते का वगैरे बारकावे वकिलाला विचारा, इन्व्हेंटरीची (म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून द्यायची) कामं करणारा चांगला वकील बघा, फोंड्यात आहेत.

दुसऱ्या मुलाचं. इथे मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने अजिबात नाही, लपवत नाही. आपल्याकडे २०२१च्या कायद्याने भ्रूणाची अशी तपासणी आनुवंशिक आजार टाळण्यापुरतीच करता येते. घरात थॅलेसेमिया असेल आणि कोणी हे केलं तर मी स्वतः त्यांच्यासोबत दवाखान्यात जाईन. पण हुशारी? २०१९मध्ये काही संशोधकांनी हिशोब मांडला होता, दहा भ्रूणांतला गुणांनी सगळ्यात वरचा निवडला तरी बुद्ध्यांकात सरासरी अडीच गुणांचा फरक पडेल, अडीच! तुम्ही शिक्षिका आहात, एकाच पोराची सोमवारी आणि शुक्रवारी परीक्षा घेतली तर ह्याहून जास्त फरक पडतो, रात्री झोप झाली नाही तरी पडतो. शिवाय हे गुण काढायचे तक्ते बहुतेक युरोपियन वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेत, आपल्याला ते आणखीच कच्चे लागू पडतात. हे सगळं डॉलरमध्ये.

आणि पैशापेक्षा मोठं म्हणजे हार्मोनची इंजेक्शनं पोटात कोण घेणार, तुम्ही. नऊ वर्षांच्या मुलीला काय सांगणार, तू आपली झालीस, हा मात्र निवडून आणलाय? हाबरमास ह्या जर्मन तत्त्ववेत्त्याने २००१मध्ये ह्याच्याच आसपास बोट ठेवलं होतं, की ज्याला कोणीतरी आधीच ठरवून घडवलंय त्या मुलाला आपलं आयुष्य पुरतं आपलं आहे असं कसं वाटायचं. पोरगा हुशार निघाला तर श्रेय बाबांचं, आणि नाही निघाला तर? पैसे परत मागायचे? फुकुयामाने २००४मध्ये ट्रान्सह्यूमनिझमला जगातल्या सगळ्यात घातक कल्पनांपैकी एक म्हटलं होतं, त्याला भीती होती की माणसा-माणसांतली बरोबरीच जाईल. मला ते जरा जास्त वाटतं. पण ट्यूशनचं काय झालं ते बघितलंय ना आपण, एकाने लावली, मग वर्गातल्या सगळ्यांना लावावी लागली, हुशार कोणी जास्त झालं नाही, संध्याकाळी मैदान तेवढं ओस पडलं.

तर मूल हवं असेल तर ते तुम्हा दोघांना हवं आहे का, एवढाच प्रश्न ठेवा. पत्रात तुम्हाला दुसरं मूल हवंय की नकोय हे कुठेच नाही. मी शोधलं.

मुलांकडून आयुष्य मागणाऱ्यांची गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. ययातीने पाच मुलांकडे तारुण्य मागितलं, चौघे नाही म्हणाले, पुरूने दिलं. २०२३मध्ये ब्रायन जॉन्सन ह्या अमेरिकन श्रीमंताने आपल्या सतरा वर्षांच्या मुलाचा प्लाझ्मा घेतला स्वतःला, आणि नंतर म्हणाला फायदा काही दिसला नाही. (मिस्टरांच्या त्या तीस गोळ्यांमागे हाच गृहस्थ असणार, नक्की.) मला ययातीचा राग येत नाही फारसा, त्याने निदान विचारलं होतं आणि चौघांना नाही म्हणता आलं. तुमच्या घरात नाही म्हणता येतंय का, ते बघायचं.

आता बोलायचं कसं. तुमच्या पत्रात मधेच एक वाक्य आलंय, की तीन वर्षांपूर्वी जूनमधल्या एका रात्री सासरे न्हाणीत कोसळले, नाडी बत्तीसवर आली होती, आणि मिस्टरांनी एकट्यांनी गाडी हाणत गोमेकॉ, म्हणजे बांबोळीचं सरकारी इस्पितळ, गाठलं. मशीन बसलं, आठवड्याने बाबा घरी येऊन पेज जेवले. आणि ट्रान्सह्यूमनिझमचा नाद किती जुना? तीनेक वर्षांचा. ताई, तुम्ही ह्याला नाद म्हणता, मला वाटतं त्या माणसाने बांबोळीच्या कॉरिडॉरमध्ये रात्रभर बसून मरण परत जाताना बघितलंय, एका काडेपेटीएवढ्या वस्तूमुळे. ज्याने हे बघितलं त्याला "देवाने ठरवलेलं असतं" हे सांगून पटत नाही. त्या रात्रीबद्दल तुम्ही त्यांना कधी विचारलंय का? गोळ्यांवरून बोलणं काढू नका, तिथून काढा.

पेसमेकरचीच एक गोष्ट सांगते. माणसाच्या शरीरात तो पहिल्यांदा बसवला ८ ऑक्टोबर १९५८ला स्वीडनमध्ये, आर्ने लार्सन नावाच्या माणसाला. दिवसाला वीस-तीस वेळा बेशुद्ध पडायचा तो. डॉक्टर तयार नव्हते, मशीन अजून बनलेलं नाही म्हणत होते. त्याची बायको एल्से-मारी, तीच डॉक्टरच्या आणि इंजिनिअरच्या मागे लागली, रोज जाऊन बसली, बनलं नसेल तर बनवा म्हणाली. पहिलं मशीन काही तासच चाललं. पुढे त्याला वीसच्या वर मशीनं बदलावी लागली, पण तो ८६ वर्षांचा होऊन २००१ला गेला, बनवणारा इंजिनिअर आणि बसवणारा डॉक्टर दोघांच्याही नंतर. तेव्हा बायको नवऱ्यासाठी यमाशी भांडते ते फक्त वडाखालीच नाही. पण फरक बघा, एल्से-मारीला कोणी फॉर्म दिला नव्हता. तिला ते स्वतःला हवं होतं. तुम्हाला हवंय का? हवं असेल तर खुशाल सही करा, लोक काय म्हणतील त्याची मी समजूत काढते. नको असेल तर म्हणा, "तुझ्या शरीराचं काय करायचं ते तू ठरव, मी अडवत नाही, पण ते करायला दुसरा माणूस शोध, माझे हात मी देणार नाही, मला त्या दिवशी तुझ्यासाठी रडायचंय." हे त्यांच्याच तत्त्वात बसतं. ज्याने त्याने.

सोपं नाही हे बोलणं, माहीत आहे.

ह्या निमित्ताने एक काम मात्र दोघांनी करून टाका, आणि ज्यांच्या घरी गोठवण्याचं वगैरे काही नाही त्यांनीही करावं. लिव्हिंग विल. म्हणजे बरं व्हायची आशा उरली नाही तर मला व्हेंटिलेटरवर किती ठेवायचं, आणि माझ्या वतीने कोण बोलणार, हे शुद्धीत असताना लिहून ठेवायचं. सुप्रीम कोर्टाने २०१८ला ह्याला मान्यता दिली, २०२३ला पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरतो. गोव्यात २०२४मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती महेश सोनक ह्यांनी स्वतःचं केलं, राज्यातलं ते पहिलं. ज्याला खूप जगायचंय त्यालाही हा कागद लागतो आणि ज्याला पुरे म्हणायचंय त्यालाही. साखवाळचे धर्मानंद कोसंबी आठवा, घरदार सोडून बुद्ध शोधत लंका-ब्रह्मदेश फिरले, हार्वर्डला जाऊन आले, आणि १९४७ला सेवाग्रामला, शरीराचं काम झालं म्हणून शांतपणे अन्न सोडलं. मला तेवढं धैर्य नाही, मिस्टरांसारखी उमेदही नाही, मी मधली, कानातलं मशीन नीट चाललं तर ऐंशीपर्यंत बघू म्हणणारी. तो फॉर्म भरताना "माझ्या वतीने कोण" ह्या रकान्यापाशी थांबा आणि एकमेकांना विचारा, झेपेल का. बाकीचं बोलणं आपोआप निघतं, आमच्या घरी निघालं. भांडणही झालं, खोटं कशाला बोलू.

गोळ्यांचं जाताजाता. तीस गोळ्या एकत्र पोटात काय करतात हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून सगळ्या बाटल्या एका पिशवीत घालून फॅमिली डॉक्टरकडे न्या आणि लिव्हर-किडनीची रक्ततपासणी करून घ्या. आकडे दाखवा, मिस्टर आकड्यांचा माणूस आहे, ऐकतील. आणि आठवड्यातून एक दिवस सासूबाईंच्या हातचं जेवायला सांगा, तर्क म्हणून नाही, तिला बरं वाटतं म्हणून.

राहिले सासरे. सगळ्या घरात यंत्र अंगात घेऊन जगणारा एकच माणूस आहे आणि त्यालाच कोणी काही विचारलेलं नाही! पेसमेकरची बॅटरी साधारण आठ-दहा वर्षं जाते, मधूनमधून तपासून घ्यावी लागते, दवाखान्यातून दिलेलं छोटं कार्ड असेल त्यावर तारीख बघा. पुढच्या खेपेला मिस्टरांना एकट्याला पाठवू नका, तुम्हीही जा, तिघं गाडीत बसा, आणि येताना कुठेतरी चहाला थांबून त्यांना विचारा, बाबा, अजून किती वेळा बदलायची बॅटरी? काय म्हणाले ते मला कळवा, मिस्टर काय म्हणाले त्यापेक्षा मला ते ऐकायचंय.